न दिसणाऱ्या मरणाचा हिशेब : कोळंबी, जवळा आणि मासेमारीचे नियमन

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे पुणे येथे एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सागरी मासेमारीचा विषय निघाला की किती मासळी पकडली गेली, याचीच चर्चा आपण बहुधा करतो. आज मला जी कोळंबी पकडली गेली नाही आणि तरीही मेली, तिच्याविषयी बोलावयाचे आहे. पुणे हे काही बंदर नव्हे. तेव्हा हा विषय येथे कशासाठी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु गणेश पेठेतील मासळी बाजारात येणारी कोळंबी किनाऱ्यावरूनच येते, किनाऱ्यासाठी केलेले नियम शासकीय कचेऱ्यांतूनच निघतात आणि ते नियम लोकांना समजावून सांगण्याचे काम आपणांसारख्यांच्याच वाट्याला येते.

बाजारातील टोपलीत पडलेल्या कोळंबीच्या मरणाचे कारण उघड असते. ती जाळ्यात सापडली. पण तिच्याबरोबर त्याच वेळी जन्मलेल्या असंख्य पिलांचे काय झाले? काहींना माशांनी खाल्ले, काही रोगाने गेली, काही खाडीचे पाणी एकाएकी गोडे झाल्याने दगावली, तर काही केवळ आयुष्य संपल्याने मेली. मासेमारीखेरीज अन्य सर्व कारणांनी होणाऱ्या या मृत्यूंचा वेग म्हणजे नैसर्गिक मृत्युमान. जाळ्यामुळे होणारे ते मासेमारीचे मृत्युमान. या दोहोंची बेरीज म्हणजे एकूण मृत्युमान. ही विभागणी दिसावयास साधी आहे. फ्योदोर बारानोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये पकडीचे जे समीकरण मांडले ते याच विभागणीवर उभे होते आणि इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बेव्हर्टन व होल्ट यांनी १९५७ मधील आपल्या ग्रंथात तिचाच पाया घेऊन मत्स्यसाठ्यांचे गणित विस्ताराने बांधले. अडचण इतकीच की, जाळ्यातील मरण मोजता येते. समुद्रातील मरण कोणी पाहात नाही.

दोन महिने थांबण्याचे मोल

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना राज्याच्या जलधिक्षेत्रात मासेमारी करण्यास मनाई असते. अलीकडील वर्षांत हा काळ १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांचा राहिला आहे. खवळलेला समुद्र आणि माणसांची सुरक्षितता हेही या बंदीचे एक कारण आहेच. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न लोटण्याची कोळी समाजाची रूढी अधिनियमाहून कितीतरी जुनी आहे. परंतु बंदीचे समर्थन करताना आपण नेहमी आणखी एक गोष्ट सांगतो: थांबल्याने मासळी वाढते. दोन महिने चूल कशी पेटवावी या विवंचनेत असलेल्या खलाशाला हे सांगताना ते खरे असले पाहिजे. कोळंबीच्या बाबतीत ते खरे आहे की नाही, हे एका आकड्यावर ठरते.

एक कल्पित हिशेब करू. समजा, समुद्रात लहान कोळंबी १,००० आहेत, प्रत्येकी ४ ग्रॅम वजनाच्या. आज पकडल्या तर ४ किलो माल. दोन महिने थांबलो तर प्रत्येक कोळंबी १२ ग्रॅमची होईल असे धरू. वजन तिप्पट झाले. पण सगळ्या जिवंत राहणार नाहीत. नैसर्गिक मृत्युमान दरमहा ०.२ असेल तर दोन महिन्यांनी सुमारे ६७० उरतील आणि माल भरेल ८ किलोंहून थोडा अधिक, म्हणजे दुप्पट. शिवाय मोठ्या कोळंबीला किलोमागे भावही चांगला मिळतो. आता तेच मृत्युमान दरमहा ०.६ आहे असे माना. मग उरतील केवळ ३०१ आणि माल ३.६ किलो. थांबल्याने तोटाच झाला.

जाळे तेच, समुद्र तोच, वाढ तीच. बदलला तो एकच आकडा, तोही कोणी डोळ्यांनी न पाहिलेला. आणि एका आकड्याने बंदी शहाणपणाची ठरते, दुसऱ्याने ती उपाशी पोटांवर लादलेला व्यर्थ भार ठरते.

हा केवळ कागदी वाद नव्हे. केरळात पावसाळी ट्रॉल बंदीवरून १९८० च्या दशकात मोठे आंदोलन झाले. बाबू पॉल, कलावार आणि बालकृष्णन नायर यांच्या अध्यक्षतेखाली एकामागून एक समित्या नेमल्या गेल्या आणि १९८८ मध्ये प्रथम बंदी अमलात आली. पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे असे की, पावसाळा हा प्रजननाचा काळ असून त्या दिवसांतील ट्रॉलिंगने साठाच खरवडला जातो. ट्रॉलरवाल्यांचे उत्तर असे की, कोल्लमजवळच्या नींदकरा येथे पावसाळ्यात मिळणारी करिक्काडी कोळंबी अल्पायुषी आहे. ती आज धरली नाही तर उद्या हाती लागणार नाही. नीट पाहिले तर दोन्ही पक्ष नैसर्गिक मृत्युमानाविषयीच भांडत होते, जरी तो शब्द कोणाच्या घोषणेत नव्हता.

आकड्याचा अर्थ

येथे थोडा गणिताचा भाग सांगणे भाग आहे. आपल्यापैकी जे माझ्याप्रमाणे कलाशाखेतून आले त्यांनी घाबरू नये. चक्रवाढ व्याज ज्याला समजते त्याला हेही समजते. फरक इतकाच की, येथे मुद्दल वाढत नाही, क्षणोक्षणी घटते. दरमहा ०.२ याचा अर्थ शंभरांतून वीस मरतात असा तंतोतंत नव्हे. घट सतत चालू असते आणि मागे राहिलेल्यांवरच पुढची घट लागते, म्हणून महिन्याअखेर ८० नव्हे तर ८२ उरतात. असे बारा महिने गेले की शंभरांतील ९ कोळंबी शिल्लक राहते, तीही समुद्रात एकही जाळे न टाकता. वर्षाच्या भाषेत हाच दर २.४ होतो. मोठ्या झालेल्या कोळंबीसाठी वर्षाला २ ते ३ या दरम्यानचे आकडे जगभरच्या अभ्यासांत वारंवार येतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील टायगर कोळंबीच्या गणितात दर आठवड्याला ०.०४५ हा दर धरला जातो. म्हणजे आठवड्यास सुमारे साडेचार टक्के घट. ५२ आठवड्यांचा हिशेब केला तर तो २.३४ येतो.

पिलांचा दर मात्र याहून फारच मोठा असतो. कोळंबीच्या अनेक जातींची मादी समुद्रात एका वेळी लक्षावधी अंडी सोडते. साठा कायम राहावयाचा तर त्या सगळ्यांतून सरासरीने दोनच जीव वाढून पुन्हा प्रजननापर्यंत पोहोचले पाहिजेत. बाकी सारे वाटेत गळतात. अंड्यातून बाहेर पडलेले सूक्ष्म जीव अवस्थांमागून अवस्था पार करीत प्रवाहाबरोबर वाहतात. अनेक जातींची पिले भरतीबरोबर खाड्यांत शिरतात, खारफुटीच्या मुळांमध्ये वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्राची वाट धरतात. सर्वच जाती खाडीत येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावयास हवे. काहींचे सारे आयुष्य समुद्रातच जाते. म्हणून कोळंबीसाठी सबंध आयुष्याचा एकच दर धरणे म्हणजे बालमृत्यू आणि वार्धक्यातील मृत्यू एकाच सरासरीत कोंबणे होय. बेव्हर्टन व होल्ट यांनी जाळ्यात सापडण्याजोग्या वयानंतर दर स्थिर मानला, तो गणिताच्या सोयीसाठी.

मोजावयाचे कसे?

माशाचे वय त्याच्या खवल्यांवरील किंवा कानातील खड्यांवरील वलयांवरून काढता येते. कोळंबी वेळोवेळी कात टाकते आणि कवचाबरोबर वयाच्या खुणाही टाकून देते. तेव्हा तिचे वय लांबीवरून ताडावे लागते. दर महिन्याला शेकडो कोळंबी मोजून कोणत्या लांबीच्या किती, याचे आलेख काढावयाचे आणि त्यांतील उंचवटा महिन्यामागून महिना कसा सरकतो ते पाहावयाचे. त्यावरून वाढीचा वेग समजतो आणि मोठ्या लांबीच्या कोळंबीची संख्या किती वेगाने घसरते त्यावरून एकूण मृत्युमानही समजते. येथपर्यंत वाट बरी आहे.

खरी कसोटी लागते ती या एकूण आकड्यातून निसर्गाचा वाटा वेगळा काढताना. एक मार्ग खुणा करून सोडण्याचा. कोळंबीच्या शेपटाकडील मांसातून प्लॅस्टिकची बारीक रंगीत पट्टी ओवतात. कात टाकली तरी ती राहते. मग किती खुणा परत येतात ते मोजावयाचे. परंतु खूण करतानाच काही दगावतात, आणि सापडलेली प्रत्येक खूण कोणी कार्यालयात आणून देत नाही. दुसरा मार्ग अनेक वर्षांच्या तुलनेचा. ज्या वर्षी नौका व जाळी अधिक, त्या वर्षी एकूण मृत्युमान अधिक. ज्या वर्षी कमी, त्या वर्षी कमी. हे बिंदू आलेखावर मांडून रेषा मागे मागे नेली, की एकही जाळे नसते तर मृत्युमान किती राहिले असते ते कळते. युक्ती सुंदर आहे, पण तिला वर्षानुवर्षांच्या विश्वसनीय नोंदी लागतात आणि नौकांची संख्या वर्षागणिक पुरेशी कमीजास्त व्हावी लागते. आपल्याकडे ती बहुधा वाढतच गेली.

तिसरा मार्ग आयुर्मर्यादेचा. साठ्यातील शंभरांत एक जीव ज्या वयापर्यंत पोहोचतो, त्या वयाने ४.६ ला भागावे. दोन वर्षे आयुष्य असेल तर २.३, दीड वर्ष असेल तर ३.०७, एकच वर्ष असेल तर ४.६. कमाल आयुष्याचा अंदाज सहा महिन्यांनी चुकला तर सारे बदलते, हे आपण पाहिलेच. डॅनियल पॉली यांनी १९८० मध्ये १७५ मत्स्यसाठ्यांची माहिती एकत्र करून कमाल लांबी, वाढीचा वेग आणि पाण्याचे तापमान या तिहींवरून नैसर्गिक मृत्युमान काढण्याचे सूत्र दिले. उष्ण प्रदेशांतील देशांना त्याचा मोठा आधार मिळाला, कारण त्याला दीर्घकालीन नोंदी लागत नाहीत. मात्र ते साठे माशांचे होते. कोळंबीला ते सूत्र लावताना हे विसरून चालत नाही. आणि माझ्या मते ते पुष्कळदा विसरले जाते.

आकड्याच्या चुकीचा परिणाम कसा होतो पाहा. समजा, एकूण मृत्युमान वर्षाला ५ निघाले. नैसर्गिक २ धरले तर मासेमारीचे ३, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी ६० टक्के माणसाच्या हातून. नैसर्गिक ३ धरले तर मासेमारीचे २, म्हणजे ४० टक्के. गुलंड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ढोबळ नियमानुसार हा वाटा निम्म्याच्या आसपास असावा. पहिला अहवाल सांगेल, नौका कमी करा. दुसरा सांगेल, अजून वाव आहे. दोन्ही अहवालांमागे मोजलेल्या कोळंबी त्याच.

पुण्याशी असलेला धागा

हा हिशेब ज्या पायावर उभा राहतो तो म्हणजे पकडीची मोजणी, आणि तिच्या इतिहासात एक नाव पुण्याच्या परिचयाचे आहे. डॉ. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, लंडनला सांख्यिकीचे उच्च शिक्षण घेतले, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत पिकांच्या नमुना पाहणीचे काम उभे केले, पुढे रोम येथील अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. पोषणविषयक कार्यामुळे आपण त्यांना ओळखतो. पण समुद्रातील मासळीच्या पकडीचा अंदाज नमुना पद्धतीने कसा करावा, यावर त्यांनी पानसे व शास्त्री यांच्यासह १९५८ मध्ये ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात लेख लिहिला होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

प्रश्न असा होता: शेत जागचे हलत नाही, कापणीचा दिवसही ठरलेला असतो, मासळी मात्र शेकडो ठिकाणी, दिवसरात्र, हजारो नौकांतून उतरते. प्रत्येक टोपली मोजणे अशक्य. म्हणून काही बंदरे, काही दिवस आणि त्या दिवशी आलेल्या काही नौका निवडून मोजावयाच्या, पण निवड मोजणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने करावयाची. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था, जिची स्थापना १९४७ मध्ये झाली, अशाच बहुस्तरीय नमुना पद्धतीने देशाच्या किनाऱ्यावरील पकडीचे अंदाज तयार करते. एखादा कर्मचारी पावसात छत्री धरून बंदरावर कोळंबीची लांबी मोजताना दिसला तर ते काम क्षुल्लक समजू नये. वर सांगितलेले प्रत्येक सूत्र त्याच्या मोजपट्टीवर अवलंबून आहे.

मरण कोणाच्या खाती?

आता मी एका अशा गोष्टीकडे येतो जी मला या सर्व विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. मासेमारीचे मृत्युमान हे नोंदलेल्या पकडीवरून काढले, तर जी पकड नोंदली गेली नाही ती कोठे जाते? बारीक कोळंबी समुद्रातच फेकून दिली, किंवा मासळीच्या भुकटीसाठी जाणाऱ्या ढिगात गेली आणि तिची जात कोणी लिहिली नाही, तर ती साठ्यातून नाहीशी झालेली दिसते, पण जाळ्याच्या खाती तिची नोंद नसते. मग ती आपोआप निसर्गाच्या खाती जमा होते. खारफुटी तोडून भराव घातला, कारखान्याचे सांडपाणी खाडीत सोडले आणि तेथील पिले मेली, तर तेही गणितात नैसर्गिक मृत्युमानच. ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे फार उदार आहे. माणसाने केलेली पुष्कळ हानी तो पोटात घालतो. आणि जसा हा आकडा फुगतो, तसे त्या आकड्याचेच निष्कर्ष सांगू लागतात की कोळंबी नाही तरी मरणारच आहे, खुशाल पकडा.

हा आकडा वर्षानुवर्षे स्थिरही राहात नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील मेनच्या आखातात उत्तरी कोळंबीचा व्यवसाय होता. २०१२ साली तेथील समुद्र असाधारण तापला, उबदार पाण्यातील माकूळ मोठ्या संख्येने आले, आणि साठा ढासळला. २०१४ पासून तेथे व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली. तरीही साठा सावरला नाही. जाळी थांबली, पण मरण थांबले नाही. थंड पाण्यातील त्या कोळंबीची आपल्या कोळंबीशी सरळ तुलना करता येणार नाही. परंतु बंदी हा सर्व रोगांवरील उपाय नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

जवळा आणि बोंबील

आपल्या किनाऱ्याचे खरे कोडे मात्र कोळंबीचे नसून जवळ्याचे आहे. डहाणूपासून रायगड जिल्ह्यापर्यंतच्या पट्ट्यात डोल जाळ्याची मासेमारी चालते. समुद्रात खुंट रोवून पिशवीच्या आकाराचे हे जाळे बांधतात. भरती-ओहोटीचा प्रवाह जे आणील ते त्यात शिरते. वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा येथील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगली आहेत. या जाळ्यात बोंबील येतो, मांदेली येते, करंदी येते आणि जवळा येतो. जवळ्याची देशातील पकड मुख्यतः महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावरच होते. वाळवलेला जवळा घाटावरच्या गरिबाच्या भाकरीबरोबर कोणत्याही मोठ्या कोळंबीपेक्षा अधिक वेळा असतो, हे आपण सर्व जाणता.

जवळ्याचे आयुष्य वर्षभराचेही नसते. त्यामुळे त्याचे नैसर्गिक मृत्युमान मोठे असणारच. पण तो मरतो कसा? पुष्कळ अंशी बोंबलाच्या पोटात. बोंबलावरील बापट यांची पुस्तिका केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केली. जवळा व अन्य लहान कोळंबी हे बोंबलाचे प्रमुख खाद्य आहे आणि प्रसंगी तो स्वतःच्या जातीची पिलेही खातो, ही गोष्ट किनाऱ्यावर बोंबील साफ करणाऱ्या बाईला कोणी सांगावी लागत नाही. म्हणजे जवळ्याच्या हिशेबात जो मृत्यू म्हणून वजा होतो, तोच बोंबलाच्या हिशेबात वाढ म्हणून जमा होतो. जवळा वाया जात नाही. तो बोंबील होऊन त्याच जाळ्यात परत येतो. उलट बोंबील फार पकडला गेला तर जवळ्याचे नैसर्गिक मृत्युमान उतरावयास हवे. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचा आकडा म्हणतो तो आपणच बदलत असतो. एकेका जातीचा स्वतंत्र हिशेब मांडणारी जुनी समीकरणे येथे अपुरी पडतात. कोणी कोणास किती खाल्ले याचा हिशेब ठेवणारी समीकरणे आता आहेत. पण त्यांना माशांच्या पोटांची तपासणी महिनोन्‌महिने करावी लागते, आणि ते काम खर्चाचे व चिकाटीचे आहे.

यातूनच जाळ्याच्या आसाचा प्रश्न उभा राहतो. पिले सुटावीत म्हणून आस मोठा ठेवा, असे ट्रॉलच्या बाबतीत सांगता येते. डोल जाळ्याच्या टोकाचा आस मोठा केला तर जवळाच निसटेल. तो लहान ठेवला तर जवळ्याबरोबर मोठ्या जातींची पिलेही जातील. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून दिले. हे पाऊल योग्यच आहे. तथापि प्रवाहात बांधलेल्या जाळ्याला पिलू आणि जवळा यांतील भेद कळत नाही. आणि ओहोटीनंतर वर काढलेल्या पिशवीतील पिलू बहुधा आधीच मेलेले असते. ते परत समुद्रात टाकले तरी त्याची गणना जाळ्याच्या खातीच व्हावयास हवी.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी विचारले की यात आमचे काय काम, तर मी एवढेच सुचवीन. किनाऱ्यावरच्या शाळेत मोजपट्टी आहे, वही आहे. १ ऑगस्टनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, बंदी उठल्यावर, जी कोळंबी येते तिच्यापैकी एका टोपलीतील शंभर नग न निवडता उचलावेत. डोक्यावरील टोकदार सोंडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजावेत. तारीख, जाळ्याचा प्रकार, जाळे किती तास पाण्यात होते आणि त्या दिवशी गावातून किती नौका गेल्या हे शेजारी लिहावे. तेच मे महिन्याच्या अखेरीस करावे. त्या साठ दिवसांत यांत्रिक नौकांची जाळी जवळपास बंद असतात. लांबीत पडलेला फरक पाहिला तर ‘थांबल्याने वाढते का’ या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्या वहीत सापडू शकते. उरलेल्या अर्ध्यासाठी संख्या लागते आणि ती लांबीच्या वहीतून मिळत नाही, कारण दरम्यान खाडीतून नवी कोळंबी आलेली असते आणि जुनी खोल पाण्यात गेलेली असते. तेथे संशोधन नौकेलाच जावे लागते.